धुतलेली कमान

खंडेनवमीच्या सकाळी मी गारखेड्याहून छावणीतल्या कामावर पोचले आणि फाटकातच थिजले. उतरवून ठेवलेल्या कमानीचे सगळे दगड अंगणात लख्ख धुऊन मांडलेले. प्रत्येकावर हळदीकुंकवाची बोटं.

आणि आकडे? एकाही दगडावर आकडा नव्हता!

व्हिक्टोरिया राणीच्या काळातला हा दगडी क्लब. आता आत फ्लॅट होणार होते आणि खाली पार्किंग. खोदकामासाठी आर्किटेक्ट म्हणून मीच दर्शनी कमान उतरवायला लावली होती. ती पुन्हा जशीच्या तशी बसवता यावी म्हणून मुबारक मिस्त्रीनं दगडादगडावर चुन्यानं आकडा घातला होता. ते आकडे नकाशावर सणानंतर चढवायचे होते.

“कस्तुराबाई!” मी किंचाळलेच. “हे कुणी धुतलं?”

“आम्हीच की,” करमाडहून कामाला येणारी कस्तुराबाई हातातला काथ्या झटकत म्हणाली. “हत्यारं पुजायची अन् ज्याच्यावर पोट चालतं तो दगुड मळका ठिवायचा व्हय? लई चुना माखला व्हता. घासघासून काढला.”

मुबारक मिस्त्री दगडादगडावर वाकून आकडा शोधू लागला. “या अल्ला,” एवढंच त्याच्या तोंडून निघालं.

मी मात्र तोंडाला येईल ते बोलले. तिची अक्कल काढली. “आकड्यांशिवाय ही कमान आता उभी कशी करायची, सांग ना!”

कस्तुराबाई घाबरली नाही, गोंधळली. तिनं दगडांकडं बघितलं, मग माझ्याकडं.

“पर मॅडम, उभीच व्हती की ती. तवा कुठं आकडे व्हते?”