मागची सीट

त्याने सीटवर दोन्ही तळवे टेकवले आणि अंगाचा सगळा भार टाकून मोटारसायकल खाली दाबली. मागची बाजू खाली गेली आणि कुरकुर न करता सावकाश वर आली.

"लोण्यासारखे आहेत," तो म्हणाला.

"रिकाम्या गाडीवर सगळेच शॉकअप लोण्यासारखे असतात, साहेब," गॅरेजवाला हात पुसत म्हणाला. "वजन सांगा. तुमचं आणि वहिनींचं. त्यावर स्प्रिंगचा ताण ठरतो."

"तिचं पंचावन्न."

"बासष्ट," बाकड्यावर बसलेली बायको म्हणाली. "पंचावन्न लग्नात होतं."

गॅरेजवाल्याने हसू दाबत स्प्रिंगखालची कडी फिरवली.

उन्हाळ्यात भर रस्त्यात गाडी एका खड्ड्यात आदळली होती आणि मागे बसलेल्या तिची कंबर धरली होती. ती उठून चालायला लागली, गाडीवर बसायला हरकत नाही असं डॉक्टरांनीही सांगितलं, तरी ती बसने शिवणवर्गाला जायला लागली ती लागलीच. तो पाणीपुरवठा खात्यात पंपांची देखभाल बघायचा. जे खटकतं ते काढायचं आणि नवं बसवायचं, हा त्याचा खाक्या. त्याने चार जाणकारांना विचारून शॉकअपच्या दोन जोड्या पसंत केल्या होत्या आणि आज गोडीगुलाबीने तिला इथवर आणलं होतं.

पहिल्या जोडीवर तिला मागे बसवून त्याने गल्लीतून एक फेरी मारली.

"कसे वाटले?"

"बरे आहेत."

गॅरेजवाल्याने ते काढून दुसरे, आणखी मऊ, बसवले. पुन्हा फेरी झाली.

"हेही बरे आहेत."

"बरे म्हणजे काय?" त्याचा आवाज थोडा चढला. "तुझ्यासाठी एवढा खटाटोप चाललाय. फरक काय वाटतो ते नीट सांग ना."

तिने पदर सारखा केला. "सांगून कसं कळणार? तुम्हीच बसून बघा मागे. मी चालवते."

लग्नाआधी ती भावाची मोटारसायकल चालवायची हे त्याला माहीत होतं. पण माहेरच्या पुष्कळ गोष्टींसारखी तीही गोष्ट त्याने नुसती ऐकलेली होती. त्याने गॅरेजवाल्याकडे पाहिलं. गॅरेजवाला नको इतकं मन लावून पाने डब्यात भरत होता.

ती पुढे बसली. क्लच सोडताना गाडीने एक हिसका दिला, मग ती सुरळीत निघाली. त्याला समोर फक्त तिचं हेल्मेट आणि पाठ दिसत होती. हात कुठे ठेवायचे ते त्याला कळेना. शेवटी त्याने सीटमागची दांडी धरली. गल्ली संपून मोठा रस्ता लागला. एकाएकी ती फूटरेस्टवर जोर देऊन बसल्या जागेवरून जराशी उचलली गेली. ही उठली का, असा विचार त्याच्या मनात येतो न येतो तोच गाडी धाडकन खाली गेली आणि त्याचे दात एकमेकांवर आपटले.

पुढे पुन्हा तसंच झालं. ती अलगद उठली, आणि दणका त्याला बसला. ती मुद्दाम करत नव्हती. खड्डा दिसला की चालवणाऱ्याचं अंग आपोआप उचललं जातं. उन्हाळ्यातल्या त्या दिवशी त्याचंही उचललं गेलं होतं. तो खड्डा त्याला चांगला दिसला होता.

गॅरेजपाशी उतरल्यावर तो काही वेळ हेल्मेटचा पट्टाच सोडत राहिला.

"मागून काहीच दिसत नाही," तो म्हणाला.

"नाहीच दिसत," ती म्हणाली. "बसल्यावर कळतं."

"मग साहेब, कोणते ठेवू?"

"हेच राहू देत."

परतताना तो नेहमीपेक्षा हळू चालवत होता. "खड्डा आहे," त्याने मान किंचित वळवून सांगितलं. मग, "स्पीडब्रेकर." मग पुन्हा, "खड्डा. डावीकडून काढतो." मागून हुंकार येत होता. एकदा ती हसल्यासारखीही वाटली. शॉकअप खरोखरच मऊ होते.

कालव्याकाठचा सपाट रस्ता लागला आणि सांगण्यासारखं काही उरलं नाही. त्याने घसा खाकरला.

"ऐक. बदलीला मी हो म्हणून टाकलंय. बढतीवर. दुसऱ्या गावी."

मागून हुंकार आला नाही. वाऱ्यात तिला ऐकू गेलं नसेल असं त्याला वाटलं; खरं तर तसं वाटून घ्यावंसं वाटलं.

"कधी?" तिने विचारलं.

"मागच्याच महिन्यात कळवलं. तुझ्या वर्गाचं काय करायचं ते बघू, असं मनात—"

"गाडी थांबवा."

त्याने गाडी कडेला घेतली. ती उतरली. कमरेवर हात ठेवून क्षणभर सरळ उभी राहिली. आता ही चालू लागणार, असं वाटून त्याने किल्ली फिरवून इंजिन बंद केलं.

पण ती गाडीला वळसा घालून पुढे आली. हेल्मेट काढून तिने ते टाकीवर ठेवलं, दिव्याच्या दोन्ही बाजूंनी हँडल धरलं आणि त्याच्या समोर उभी राहिली.

"हं," ती म्हणाली. "आता सांगा. पहिल्यापासून."