काचेमागचा कागद

"अक्का, वर तो हरवलेल्या सायकलींचा कागद लावा की! नेहमीसारखा," हवालदार हळूच म्हणाला. अक्कांनी लावला.

पोलीस ठाण्याच्या दारातल्या काचेच्या फळ्याची किल्ली अठ्ठावीस वर्षं या कारकूनबाईंकडेच होती. कोणत्या पोलिसाला कशाबद्दल शिक्षा झाली ते फळ्यावर लावायचंच, हा नियम. आणि तासाभरात त्यावर दुसरा कागद टोचायचा, ही ठाण्याची रीत. म्हणजे नियमही पाळला आणि घरची गोष्ट घरातच! असे किती कागद आपण झाकले, ते अक्कांनाही आठवत नव्हतं.

आजचा मात्र त्यांच्या धाकट्या भावाचा होता. आईमागे त्यांनीच वाढवलेला, चार जणांचे उंबरे झिजवून पोलिसात लावलेला. एका सायकल दुरुस्तीवाल्याला चोर समजून त्यानं कोठडीत असं मारलं, की बिचाऱ्याचा हात अधू झाला. खरा चोर निघाला दुसराच.

दुपारी त्या दुरुस्तीवाल्याची म्हातारी आई आली. "बाई, मला वाचता येत नाही. त्या पोलिसाला शिक्षा झाली, ते कुठं लिहिलंय? आत म्हणतात, लावलंय बघा. शेजारीण म्हणते, इथं नुसत्या सायकली आहेत. आमचं कोण खरं मानणार हो?"

अक्कांनी फळ्याचं कुलूप काढलं, वरचा कागद उपसला. टाचण्या दोन्हींतून आरपार गेलेल्या. खालचाही निसटून पायरीवर पडला. तो उचलला नेमका धाकट्यानं. गणवेश जमा करायला आला होता.

"अक्का, तू तरी झाकायचंस..." त्यानं कागद छातीशी धरला.

अक्कांनी हात पुढे केला. "जेवल्याशिवाय जाऊ नकोस, तुझाही डबा आणलाय. पण कागद दे."

"तुमचा कोण हा?" म्हातारीनं विचारलं.

"सख्खा भाऊ. यानंच मारलं तुमच्या मुलाला."

म्हातारीनं त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "वाचा," ती म्हणाली.

अक्कांनी मोठ्यानं वाचलं. नाव, गुन्हा, सहा महिने निलंबन. नावापाशी अडखळल्या, पण वाचलं. मग कागद फळ्यावर धरला. एका हातानं धरून टाचणी लावताना तो सारखा एका बाजूला घसरत होता.

"वाकडा लागतोय, अक्का," धाकटा म्हणाला. आणि चारही टाचण्या लागेपर्यंत त्यानं तो दोन्ही हातांनी सरळ धरून ठेवला.