आडवी काठी

झुलालनं रेल्वे फाटकाच्या खोलीतला लोखंडी गज उचलला आणि स्वतःच्या बापाच्या मनगटावर घातला. डफांच्या ढणढणाटातही हाड मोडल्याचा आवाज त्याला ऐकू आला. उखर्डूआबांच्या हातातली देवाची तीस फुटी काठी कलली आणि रुळांच्या अलीकडं धुळीत आडवी झाली. वरची वायर चार पावलांवर राहिली होती.

डफ थांबले आणि मागून सगळा गाव झुलालवर तुटून पडला. लाथा, बुक्क्या, पायताणं, हाताला येईल ते. त्याचाच गज कुणीतरी हिसकून त्याच्या पाठीत घातला. ज्ञानेश्वर भगतानं त्याचे केस धरून डोकं रुळावर आपटलं. तोंडात रक्त भरलेलं असताना झुलाल एकच सांगत होता, की वायर चालू आहे. पण ऐकतो कोण!

गावाला सांगितलं नव्हतं असं नाही. धुळे-चाळीसगाव मार्गावर वायर चढली तेव्हा रेल्वेच्या साहेबांनी चावडीवर सभा घेतली होती. डिझेलची इंजिनं जाणार, धूर बंद होणार, हवा चोख राहणार, आणि वायरीत आता चोवीस तास करंट. गावानं टाळ्या वाजवल्या, पेढे खाल्ले. पण ज्या गावात शेताची लाईट पाळीनं आठ तास येते, त्याला चोवीस तास करंट काय कपाळ पटणार? गाडी आली की सोडत असतील, गेली की बंद करत असतील, असं सगळ्यांनी धरलं. आणि आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, काठी निघाली त्या दुपारी गाडी नव्हतीच.

फाटकावर नोकरीला असलेला झुलाल आठ दिवस दारोदार विनवत फिरला होता, की फाटकापुरती काठी आडवी करा. ते ऐकून आबा भरल्या ताटावरून उठले होते. देवळातून निघालेली काठी पलीकडच्या माळावर टेकेपर्यंत आडवी होत नाही. धरणाऱ्यानं आपल्या हातानं आडवी केली, तर ती त्याच्या घरातून कायमची जाते. दुसऱ्या कुणी पाडली, तर त्याला गावात पाणी नाही. आबांच्या घरी ती चार पिढ्या होती. दुसरा कसला मान त्या घराला नव्हता.

तिसऱ्या दिवशी भगत चार पंच घेऊन धुळ्याच्या दवाखान्यात आला. बापलेक शेजारच्या खाटांवर पडून होते. आबांचा हात प्लास्टरमध्ये, झुलालच्या डोक्याला अकरा टाके. आबा तीन दिवसांत पोराशी एक अक्षर बोलले नव्हते. झुलालला गावाबाहेर काढायचं पंचांचं ठरलंच होतं, फक्त आबांच्या तोंडून एकदा ऐकायचं होतं.

आबांनी प्लास्टरमधला हात छातीवर ओढून घेतला.

"गज लागाना पहिलेच मी काठी आडवी करी व्हती," ते म्हणाले. "पोऱ्याले काही बोलू नका."

झुलालनं चमकून बापाकडं पाहिलं. गज बसला त्या क्षणी आबांची बोटं काठीवर पांढरी पडेस्तोवर आवळलेली होती. ती त्यानं डोळ्यांनी पाहिली होती.

भगतानं पंचांकडं पाहिलं.

"आबा, मंग काठी आते तुमना घरमा ऱ्हावाव नही."

"माले ठाऊक शे."

पंच निघून गेले. त्यांच्या चपलांचा आवाज जिन्यावरून उतरेपर्यंत आबा थांबले. मग खाटेवरून उठले, चांगल्या हातानं झुलालच्या थोबाडीत सणसणीत ठेवून दिली, आणि त्याचं टाके घातलेलं डोकं छातीशी धरून ओक्साबोक्शी रडले.