तात्पुरती सोय

नोटीस पहिली. 'इमारतीत असह्य दुर्गंधी पसरली आहे. कारण सर्वांना ठाऊक आहे. – सेक्रेटरी.'

सर्वांना ठाऊक होतेच! मंगळवारच्या वादळाने गच्चीवरच्या खुराड्याचे छप्पर उडाले आणि तिसऱ्या मजल्यावरच्या शिलाईवाल्या काकूंनी पाच कोंबड्या घरात आणल्या. बुधवारी वास सुरू झाला. आणखी काय पुरावा हवा?

सेक्रेटरी काकूंच्या शेजारीच राहत. हेडक्लार्क, टापटिपीचे गृहस्थ. नोटीस डकवून ते थेट काकूंच्या दारात.

"घर आहे की खुराडं?"

"आठ दिवसांची तात्पुरती सोय आहे हो. सुतार नवं छप्पर करतोय. आत येऊन बघा तरी."

"बघायचं काय त्यात? नाक आहे मला."

"मग नाक आत आणा की!"

नाकावर रुमाल धरून ते आत डोकावले. शिलाई मशीनशेजारी जाळी. जाळीत चार बोटे भुसा, खडखडीत कोरडा. पाण्याचे भांडे सांडू नये म्हणून विटेवर. खिडकी सताड उघडी.

"वास कोंबडीचा नसतो, साहेब, ओलीचा असतो. ओला झालेला भुसा मी सकाळ-संध्याकाळ उचलते. कोरड्यात असली की कोंबडीला वास येत नाही."

खरोखरच येत नव्हता. पण रुमालामुळे ते सेक्रेटरींना कळले नाही.

नोटीस दुसरी. 'कोंबड्या उद्या दुपारपर्यंत बाहेर.' बस, एवढीच.

दुसऱ्या दिवशी दुपारी काकू कपडे पोचवायला गेल्या. त्यांच्या घराची एक किल्ली शेजारी असे. एकटी बाई, कधी दुखलेखुपले तर असावी म्हणून त्यांनीच विश्वासाने दिलेली. सेक्रेटरींनी त्याच किल्लीने कुलूप उघडले. खाटीक आला. पाच कोंबड्या, पाय बांधून, उलट्या. त्यातली लंगडी काकूंच्या मागे-मागे घरभर फिरायची. तिचा एकच पाय बांधता आला.

"एखादी आमच्याकडेही पाठवा हो, साफ करून!" जिन्यातून कोणीतरी म्हणाले. सगळे हसले.

वाचकहो, त्या जिन्यात तुमच्या-आमच्यासारखीच माणसे होती.

काकू परतल्या तेव्हा भुशात एक अंडे होते. अजून कोमट.

सकाळी वास आला. कालच्यापेक्षा जास्त!

"मेल्या तरी छळतायत!" खालच्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या.

सेक्रेटरी तिसरी नोटीस लिहायला बसले, तोच दार वाजले. दारात काकू.

"वास तुमच्या घरातून येतोय. मागच्या खिडकीतून."

"तोंड सांभाळून बोला!"

काकू सरळ मागच्या खोलीकडे गेल्या. दाराला बाहेरून कडी होती. ती त्यांनी काढली.

आत सेक्रेटरींचे वडील होते. खिडकीची काच मंगळवारच्याच वादळात फुटलेली. इतकी वर्षे कोंडलेल्या वासाला वाट सापडली होती, एवढेच! गादी ओली. चादर पाठीच्या कातडीला चिकटलेली. पाण्याचा पेला हात पुरणार नाही इतका लांब.

"किती दिवस असे आहेत हे?"

"बाबा पडले तेव्हा... बायको म्हणाली, मागच्या खोलीत हलवू. तात्पुरतं. तीन वर्षं झाली. ताट... ताट रोज जातं आत."

"माझ्या कोंबड्यांना दिवसातून दोनदा कोरडं मिळायचं. वास येतो म्हणून तुम्ही त्या कापायला दिल्यात." काकूंचा आवाज चढला नाही. "आता ह्यांना कोणाकडे देणार?"

सेक्रेटरींच्या हातातला रुमाल गळून पडला. आणि तीन वर्षांत पहिल्यांदा त्यांना वास आला! आपल्याच घराचा!

ते तिथेच बसले. मग उठले. गरम पाणी आणले. चादर भिजवून-भिजवून सोडवली. म्हातारा ओरडला नाही, त्याची सवय गेली होती. गादी बाहेर काढली, नवे अंथरूण घातले. मुलाचे हात पाठीला लागताच म्हातारा मात्र घाबरला.

"कोण येणार आहे रे?"

"कोणी नाही, बाबा."

"मग कशाला करतोस?"

सेक्रेटरी रडले. रडू दे.

नोटीस तिसरी. 'वास माझ्या घरातून येत होता. शिलाईवाल्या काकूंच्या कोंबड्या मी मारवल्या. – सेक्रेटरी.' खाली तारीख होती.

ते किल्ली परत करायला गेले तेव्हा काकूंनी कुलूप बदलले होते. त्यांनी माफ केले नाही, आणि का करावे? सुताराने आठव्या दिवशी, ठरल्याप्रमाणे, छप्पर बसवले. खुराडे उत्तम झाले आहे. रिकामे आहे.

नागरिकहो, वास आला तर शेजाऱ्याचे दार वाजवण्याआधी आपल्या घरातली बाहेरून लावलेली कडी काढून पाहा. आणि 'तात्पुरतं' म्हणाल, तेव्हा पुढे तारीख घाला!