कलशाचं पाणी

दीपश्रीला पहिली मुलगी झाली ते साल दोन हजार तेवीस. बारशाचे पेढे संपतात न संपतात तोच दीपश्रीचा बाप संजीव आणि काका प्रभंजन रायापूरच्या कारखान्यात एकमेकांच्या उरावर बसले.

कारखाना त्यांच्या वडिलांनी, अप्पांनी, काढलेला. वितळलेलं ॲल्युमिनियम लोखंडी साच्यात दाबून पंपाचे भाग ओतायचे. साच्याच्या पोटातल्या भोकांतून हौदातलं पाणी फिरायचं आणि साचा निवायचा. प्रभंजनने यंदा त्या भोकांत तांब्याच्या बारीक तारांचे बोळे बसवले. तारातारांतून झिरपणारं पाणी जास्त आच ओढतं, साचा लवकर निवतो, हे त्याने सगळ्यांना करून दाखवलं.

"पण पाणी गाळीव पाहिजे, अण्णा," तो थोरल्या संजीवला म्हणाला. "बोळे तुंबले की साचा फुटेल. यंदा कलश हौदात ओतायचा नाही."

खंडेनवमीला पूजेचा कलश हौदात रिकामा करायचा ही अप्पांची रीत. संजीवला ते झोंबलं.

"अप्पांच्या हौदाला तू सोवळं शिकवणार?"

"अप्पांच्या वेळी भोकं मोकळी होती. हळद, अक्षता, सगळं वाहून जायचं."

"मग काढ तुझा तो काथ्या."

"काढतो की. तू फुंकर घालून निवव साचा."

कामगार हसले. संजीवने सणकन थोबाडीत दिली. प्रभंजनने त्याला भिंतीवर आपटलं, ओठ फुटला. संजीवने हाताला लागली ती लोखंडी सांडशी उगारली. म्हातारा कामगार धोंडिबा "साकु, साकु रे, पुरे आता" म्हणत मध्ये पडला, आणि घाव त्याच्या मनगटावर बसून हाड मोडलं.

खंडेनवमीला संजीवने सुजल्या ओठांनी मंत्र म्हटले. सगळे कोहळा फोडायला दाराशी गेले, तेव्हा त्याने कलश हौदात पालथा केला. वर अक्षतांचं ताटही झटकलं.

विजयादशमीला यंत्र सुरू झालं. प्रभंजन साच्यापाशी उभा. संजीवचे डोळे हौदात परत पडणाऱ्या पाण्यावर. धार पिवळसर झाली, बारीक झाली, मग नुसतेच थेंब आणि वाफ. रात्रभर भिजून फुगलेले तांदूळ तारांत अडकले होते. बोलावं तर चारचौघांत हरावं लागणार. त्याने शब्द गिळला.

साचा करकरला. आता मात्र तो धावला. "प्रभ्या, सर मागं," म्हणत त्याने भावाची कॉलर धरली. प्रभंजनला वाटलं, हा पुन्हा मारायलाच आला. त्याने गुडघा पोटात हाणला आणि त्याला खांबाआड भिरकावलं.

त्याच क्षणी साचा तडकला. कोंडलेलं पाणी रसाला भिडलं आणि तो चांदीसारखा रस धडाक्याने प्रभंजनच्या तोंडावर, छातीवर उडाला. संजीवने जळता शर्ट उघड्या हातांनी ओरबाडला. शर्टाबरोबर कातडं आलं.

"ओतलंस?" प्रभंजनने विचारलं.

संजीवने होकाराची मान हलवली.

संजीवची बोटं आता मिटत नाहीत. प्रभंजन दोन हजार तेवीसच्या विजयादशमीलाच, हुबळीच्या दवाखान्यात नेताना, उणकलजवळ गाडीत वारला.