सिरो गेली, हे मी सांगितलंच नाही

मी एक जुना रेडिओ आहे, मित्रांनो. युफ्राझी गेल्याची बातमी साऱ्या बेटाला मीच दिली, आणि ती कुणाला कळलीच नाही.

आमच्या मार्तिनिक या फ्रान्सच्या ताब्यातल्या बेटावर कोण वारलं ते रोज दुपारी रेडिओवर सांगतात. तेवढा वेळ घराघरांत बोलणं थांबतं. त्या दुपारी युफ्राझीचा नवरा सोस्तेन माझ्यासमोर बसून होता. त्याच्या बायकोचं नाव, वय, दफनाची वेळ सगळं मी सांगितलं. मग त्याने अंगणात बाकं मांडली, सूप चढवलं, रम काढली. रात्रीच्या जागरणाला माणसं येतील, तिच्या आठवणी काढून हसतील, रडतील, म्हणून. गल्लीतली चार घरं आली. बाकी बाकं रिकामीच राहिली.

"एवढी गावं पायी फिरली ती," सोस्तेन म्हणाला, "आणि कुणाला यावंसं वाटलं नाही."

त्यांनी मला लग्नाच्या वर्षी घेतलं होतं. युफ्राझी उसाचा पाक कढवायची आणि बाटल्या डोक्यावर घेऊन गावोगाव विकायची. पॅरिसात बर्फ पडल्याचं मी सांगितलं, की चुलीपुढे घाम पुसत म्हणायची, "थोडा इकडे पाठव रे!" नवऱ्यापेक्षा हाच बरा बोलतो, असं माझं कौतुकही करायची.

दफनानंतर सोस्तेनने मला बंद केलं. माझ्यावर धूळ बसली.

एक दिवस लोरें गावची लिओनीद रिकामी बाटली घेऊन दारात आली.

"काय हो सोस्तेनदादा, सिरो कुठाय? कंटाळून पळाली की काय तुम्हाला?"

"सिरो गेली. रेडिओवर सांगितलं होतं."

"रेडिओवर? मी रोज ऐकते. सिरोचं नाव कधी आलं?"

सोस्तेनने वळून माझ्याकडे पाहिलं. आमच्या बोलीत सिरो म्हणजे पाक; पाकवाली म्हणून सगळे तिला सिरोच म्हणायचे. तोही. इथे मृत्यूच्या बातमीत असं हाकेचं नावही देतात. पण त्या दिवशी त्याने फ्रान्स सरकारच्या दाखल्यावरचं नाव तेवढंच दिलं होतं.

लिओनीद पायरीवर बसली. "युफ्राझी... ऐकलं होतं हो मी. असेल कुणी बिचारी म्हटलं, आणि मासे तळायला उठले."

बाटली तिने मांडीवर तशीच धरून ठेवली.

मित्रांनो, आपल्या माणसाला लोक कोणत्या नावाने हाक मारतात, तेही जपा. ती गेल्याला वर्ष होईल तेव्हाच्या प्रार्थनेची सूचना रेडिओवर द्यायला सोस्तेन दोनदा निघाला, पण ते हाकेचं नाव द्यायचं म्हटलं की फाटकातूनच परतला. सिरो गेली, हे अजून सांगायचं राहिलं आहे.