तपासणीआधीचा चहा

कर वाढवला सरकारने आणि बोलणी खाल्ली मी. द्वारका चौकाच्या अलीकडे, सर्व्हिस रोडला माझी पीयूसीची व्हॅन उभी असते. गाड्यांचा धूर तपासून सर्टिफिकेट द्यायचं, एवढंच माझं काम. पण जुन्या गाड्यांचा पर्यावरण कर आणि नोंदणी नूतनीकरणाची फी वाढल्याची बातमी आली, त्या आठवड्यात जो येई तो माझ्यावरच डाफरे. जणू मंत्रालयात बसून मीच ते आकडे ठरवले होते.

सिन्नरकडचे एक बागाईतदार म्हणाले, त्यांची गाडी आठवड्यातून एकदा मार्केटला येते आणि शेजाऱ्याची नवीकोरी दिवसभर गावातून फिरते, मग हवा कोण खराब करतंय? एका रिटायर्ड नर्सबाईंनी सांगितलं की गाडी भंगारात द्यायची वेळ आली तर त्या तिच्यावर तुळशीच्या कुंड्या ठेवतील, पण देणार नाहीत. मी सगळ्यांना हो म्हणत होतो. घरी माझं तोंड फार चालतं, गिऱ्हाइकासमोर मी गरीब असतो.

या सगळ्यांत न चिडलेला एकच माणूस होता, सहादू पगारे. वजनमापे खात्यातून निरीक्षक म्हणून रिटायर झालेले. तेहेतीस वर्षं त्यांनी जिल्हाभरच्या दुकानांतले काटे तपासले. त्यांची पांढरी एट हंड्रेड वीस वर्षांची झाली होती आणि नूतनीकरण तोंडावर आलं होतं. कर वाढल्याचं ऐकून ते खुशीत आल्यासारखे दिसले. करण्याजोगं काम मिळालं म्हणून असेल.

"अमोल, त्यांचं मूळच चुकलंय," ते मला म्हणाले. "काटा जुना आहे म्हणून मी कधी जप्त केला नाही. चुकीचं दाखवत असेल तर केला. कर धुरावर लावा, वयावर कशाला?"

मग त्यांनी पिशवीतून एक निळी फाईल काढली. त्यांच्या गाडीची दर सहा महिन्यांची पीयूसी, माझ्याकडे यायला लागल्यापासूनची, तारखेवार. आकड्यांखाली लाल पेनाने रेघ मारलेली. ०.१८, ०.२१, ०.१९. अशा गाडीच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड अर्ध्या टक्क्यापर्यंत चालतो. वीस वर्षांच्या गाडीचा इतका कमी धूर, याहून मोठा पुरावा काय हवा, असं त्यांचं म्हणणं. रविवारी मंगल कार्यालयाच्या आवारात जुन्या गाडीवाल्यांची सभा होती. परिवहन खात्याचे एक अधिकारी निवेदन घ्यायला येणार होते. ती फाईल निवेदनाला जोडायची आणि सगळ्यांसमोर त्यांच्या गाडीची तपासणी करायची, म्हणून मी यंत्र घेऊन यायचं.

पण त्या फाईलमधले बहुतेक आकडे त्यांच्या गाडीचे नव्हतेच.

आमच्या धंद्यातली ही गोष्ट आहे, सांगून टाकतो. यंत्राची नळी गाडीच्या सायलेन्सरमध्ये घालायची, इंजिन चालू ठेवायचं, आकडा स्क्रीनवर येतो. मग नंबरप्लेटचा फोटो काढायचा. नळी कोणाच्या सायलेन्सरमध्ये आहे ते यंत्राला कळत नाही आणि फोटोत दिसत नाही. माझ्या व्हॅनच्या मागे माझी स्वतःची चंदेरी गाडी लावलेली असते, नळी पोचेल एवढ्या अंतरावर. नापास होणारी गाडी आली की नंबर तिचा आणि धूर माझ्या गाडीचा. गिऱ्हाईक खूश, रांग पुढे सरकते. बहुतेकांना हे माहीत असतं आणि त्यांना तेच हवं असतं.

पगारे साहेबांना माहीत नव्हतं. पहिल्या दोन वेळा त्यांची गाडी खरीच पास झाली. तिसऱ्या वेळी नऊ दशांश आला. ते पत्नी सुमनबाईंना घेऊन मनमाडला लग्नाला निघाले होते, घाईत होते आणि टपरीवर चहा पीत होते. मी नळी काढून माझ्या गाडीत घातली. त्यात माझा वेगळा काही फायदा नव्हता, म्हणूनच ते मला पापही वाटलं नाही. पुढच्या वेळेपासून त्यांची गाडी दिसली की मी आधी त्यांच्यासाठी चहा सांगायला लागलो. टपरी लिंबाखाली, पंचवीस पावलांवर. तिथून माझी व्हॅन दिसते, व्हॅनची मागची बाजू दिसत नाही.

त्या चहावरून ते स्वतःचीच गंमत करत. म्हणत, "नोकरीत असताना दुकानात पाय ठेवला की दुकानदार पहिला चहा मागवायचा. काटा तपासेपर्यंत मी कधी घेतला नाही. तुझ्याकडे चालतं. तू घरचा." आणि बशीत ओतून निवांत प्यायचे. दर सहा महिन्यांनी, नऊ वर्षं.

सभेची गोष्ट मी बायकोला सांगितली. उज्वलाने भाकरी थापायची थांबवून विचारलं, "मग त्यांना सांगितलंस का?" मी नाही म्हटलं. जेवायला वाढताना तिने माझ्याकडे पाहिलं नाही. मला तिचाच राग आला. सगळा सर्व्हिस रोड हे करतो, मी एकट्याने काय घोडं मारलं होतं?

तरी शुक्रवारी संध्याकाळी मी त्यांच्या कॉलनीत गेलो. सांगायचं ठरवूनच गेलो होतो. साहेब पुढच्या खोलीत निवेदनाच्या प्रतींवर सह्या करत बसले होते. सुमनबाई मला आत घेत हळूच म्हणाल्या, "रिटायर झाल्यापासून असे बसले नव्हते कधी टेबलाशी. जेवणाला दोन हाका माराव्या लागतात." मी पाणी प्यायलो. निवेदन वाचून चांगलं झालंय म्हणालो आणि परत आलो. येताना मनाशी ठरवलं की रविवारी यंत्र बिघडलं म्हणून सांगू. तेवढं जमण्यासारखं होतं.

शनिवारी सकाळी मी व्हॅनचं दार उघडतोय तोच एट हंड्रेड येऊन उभी राहिली.

"उद्या त्या अधिकाऱ्यांना नीट समजावून सांगता आलं पाहिजे," पगारे म्हणाले. "एकदा सगळं माझ्या डोळ्यांसमोर कर."

मी सवयीने विचारलं, "चहा सांगू?"

"आधी तपासणी."

ते सायलेन्सरपाशी उकिडवे बसले. दुकानातल्या काट्यांसमोरही असेच बसत असतील. माझी नऊ वर्षांची हुशारी तिथे काही उपयोगाची नव्हती. मी नळी त्यांच्या गाडीत घातली. स्क्रीनवरचा आकडा चढत चढत ४.१२ वर थांबला.

त्यांनी चष्मा पुसला. मग अगदी शांतपणे म्हणाले, "यंत्र बिघडलेलं दिसतं. आपण आधी यंत्रच तपासू. दुसऱ्या गाडीला लाव."

दुसरी गाडी एकच होती. यंत्रच बिघडलंय म्हणायची हीच वेळ होती, ती त्यांनी माझ्या हातात आयती दिली होती. पण तो माणूस तिथे उकिडवा बसलेला होता आणि मला खोटं सुचेना. मी नळी चंदेरी गाडीत घातली. ०.१९.

ते फाईल गुडघ्यावर उघडून एकेक पान उलटायला लागले. ०.१९. ०.२१. ०.१८. पुन्हा ०.१९. नंतर त्यांनी मान वळवून लिंबाखालच्या बाकाकडे पाहिलं, तिथून माझ्या व्हॅनकडे आणि व्हॅनच्या मागे उभ्या असलेल्या माझ्या गाडीकडे. मापात फसवणाऱ्यांना पकडण्यात आयुष्य गेलेला माणूस तो, त्याला समजवायला काही उरलं नव्हतं.

"सगळ्या?" त्यांनी विचारलं.

"पहिल्या दोन तुमच्या आहेत."

त्यांनी फाईल मिटली. गुडघ्यावर हात टेकून उठले. मला वाटलं, आता शिव्या देतील, आणि खरं सांगतो, त्यांनी द्याव्यात असं मला फार वाटत होतं. त्यांनी फक्त उद्या यंत्र घेऊन वेळेवर यायला सांगितलं आणि गाडी सुरू केली. गाडीमागे निळसर धूर सुटला. तो मी इतकी वर्षं रोजच्या गाड्यांच्या धुरासारखाच बघून सोडून दिला होता.

रविवारी पन्नासेक गाड्या आवारात लागल्या होत्या. सभेत जो तो आपली गाडी कशी बायको-मुलांसारखी जपली ते सांगत होता. अधिकारी ऐकून घेत होते. मी कोपऱ्यात यंत्र मांडून बसलो होतो. पगारे साहेब माझं नाव घेणार, मग माझा परवाना जाणार, हे मी धरून चाललो होतो.

पगारे उभे राहिले. निवेदन वाचलं. कर वयावर नको, धुरावर हवा. टाळ्या पडल्या. मग त्यांनी स्वतःची गाडी पुढे आणली आणि मला खूण केली. मी नळी घातली. आकडा त्यांनी स्वतः मोठ्याने वाचला, "चार पॉइंट शून्य आठ. नापास." टाळ्या वाजवणारे एकमेकांकडे बघायला लागले.

"माझी मागणी तीच आहे," ते म्हणाले. "धुरावर कर लावा. माझ्या गाडीला जास्त बसेल. बसू दे."

मागून कोणीतरी ओरडलं की म्हाताऱ्याने सगळ्यांचा खेळ बिघडवला. अधिकाऱ्यांनी मात्र मला भीती होती तोच प्रश्न विचारला, "मग आतापर्यंत ही गाडी पास कशी होत होती?"

पगारे माझ्याकडे बघतील म्हणून मी खाली बघितलं.

"तेहेतीस वर्षं मी तपासणी होईपर्यंत कोणाचा चहा घेतला नाही," ते म्हणाले. "माझ्या स्वतःच्या गाडीच्या वेळी घेत राहिलो. यंत्राकडे पाठ करून बसलो. चूक माझी आहे."

तेव्हा मी उठायला हवं होतं. दहा पावलांचं अंतर होतं. नळी गुंडाळण्यात मी हात गुंतवले आणि बसून राहिलो. अधिकाऱ्यांनी आणखी कोणाची गाडी तपासायची आहे का विचारलं. ज्याच्या त्याच्या घरी माझ्यासारख्याच कोणाकडून आणलेलं सर्टिफिकेट होतं, त्यामुळे कोणी पुढे आलं नाही. सिन्नरचे बागाईतदार तर सगळ्यांत आधी निघाले. अर्ध्या तासात आवार रिकामं झालं आणि निवेदन टेबलावरच राहिलं.

मी यंत्र व्हॅनमध्ये चढवत होतो, तेव्हा पगारे साहेब आले. मी काही बोलायच्या आत त्यांनी निळी फाईल माझ्या हातात ठेवली.

"पहिल्या दोन काढून घेतल्यात," ते म्हणाले. "बाकीच्या तुझ्या गाडीच्या आहेत. तुझ्याकडे असू दे."

आवाजात राग नव्हता. दुसऱ्याची वस्तू चुकून आपल्याकडे आली की ती परत करताना माणूस बोलतो, तसं बोलले. मी चहा घ्या म्हणालो. ते नको म्हणाले आणि गेले.

परवा एक माणूस जुनी गाडी घेऊन आला. चावी माझ्याकडे टाकून म्हणाला, "शेठ, तेवढं बघून घ्या, मी टपरीवर आहे." मी त्याला थांबवलं, सायलेन्सरपाशी उभं केलं आणि नळी त्याच्या डोळ्यांसमोर त्याच्याच गाडीत घातली. गाडी नापास झाली. तो मला वाटेल ते बोलून पुढच्या व्हॅनकडे गेला आणि पाचच मिनिटांत तिथून हसत बाहेर पडला.

फाईल ड्रॉवरमध्ये आहे. लाल रेघांसकट. नऊ वर्षांत माझी गाडी एकदाही नापास झालेली नाही.